वादळाची वाट वाचताना

जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या हवामानवेड्यांची नजर ‘निसर्ग’ चक्रीवादळाच्या नकाशावर खिळली होती. १ जूनच्या अंदाजात ते हरिहरेश्वर ते दमण या लांबलचक पट्ट्यात कुठेही धडकू शकत होते. दुसऱ्या दिवशी रोख अलिबागकडे स्पष्ट झाला. ३ जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. रायगडची दैना झाली. पुण्यातही झाडे उन्मळून पडली.

नकाशातला शंकू : मधली रेघ वादळाच्या केंद्राची संभाव्य वाट दाखवते. भोवतीचा रुंदावत जाणारा शंकू म्हणजे त्या वाटेची अनिश्चितता. पूर्वीच्या अंदाजांतल्या सरासरी चुकांवरून त्याची रुंदी ठरते. तो वादळाचा आकार नव्हे. शंकूबाहेरही वारा-पाऊस झोडपू शकतो.

वाट का बदलते : वादळाला उंचावरचे वारे ढकलत नेतात. त्यांच्या मोजणीतली बारीक चूकही पुढच्या दिवसांत वाढत जाते.

नाव : ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशने सुचवलेले, १३ देशांच्या १६९ नावांच्या नव्या यादीतले पहिलेच.

पुण्याचे नाते : हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. म्हणूनच शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांना आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ठाऊक आहे.