चित्राखालची पट्टी

पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना सुरू झाला, १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढला आणि १९७६ मध्ये कॅलेंडरांचे चित्रकार रघुवीर मुळगावकर गेले. या शंभरएक वर्षांत सामान्य मराठी घराने चित्रकला पाहिली ती मुख्यतः छापील कागदावर: देवाच्या तसबिरीत, पोस्टकार्डावर, काडेपेटीच्या आणि कापडाच्या ताग्याच्या लेबलावर, भिंतीवरच्या कॅलेंडरात. तैलचित्रे राजवाड्यांत आणि संग्रहालयांत गेली, त्यांची रीतसर नोंद झाली. हे कागद रद्दीत गेले आणि वाचले ते बहुतांशी हौशी संग्राहकांमुळे. त्यांचे ऋण मानूनही म्हणावे लागते, की आपण चित्रे सांभाळली आणि त्यांचे पुरावे कापून टाकले.

रविवर्मा छापखान्याचेच पाहा. जर्मनीहून यंत्रे आणली, शिळाछापाचे जर्मन तंत्रज्ञ आणले. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि त्यांच्यापैकीच फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला. १९०६ मध्ये रविवर्मा वारले, तरी त्यांची लक्ष्मी-सरस्वती छापली जातच राहिली. १९७२ च्या आगीत छापखान्याचा मोठा साठा जळाला. त्यामुळे एखादी लक्ष्मी कोणत्या काळातली, हे ठरवायला आज मुख्य आधार उरतो तो चित्राखालच्या बारीक अक्षरांच्या पट्टीचा. तिच्यावर गिरगावचा पत्ता असेल तर छपाई सुरुवातीची, कार्ले-लोणावळ्याचा असेल तर नंतरची. पण तसबीर चौकटीत बसवताना हीच पट्टी आधी कापली जाई. कॅलेंडरांचीही तीच गत: वर्ष सरले की तारखांचे पान आणि खालचे दुकानाचे नाव कापायचे, वरचा देव देव्हाऱ्याशेजारी लावायचा. मुळगावकरांची सही उरते. पण चित्र कोणासाठी काढले, कोणत्या साली वाटले गेले, हे सारे त्या कापलेल्या पट्टीबरोबर जाते.

पोस्टकार्डाला तर दोन्ही बाजूंनी बोलता येते. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिरले आणि चाळीसहून अधिक वर्षे तिथेच राहिले. पौराणिक व ऐतिहासिक चित्रांसाठी नावाजलेल्या या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी पोस्टकार्डांसाठी मुंबईची रोजची माणसे काढली. त्यांत नखरेल मोलकरीणही आहे. त्या काळच्या कार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्याच बाजूला कोपऱ्यात कोंबावा लागे. ब्रिटनने १९०२ मध्ये मागची बाजू विभागून मजकुराला जागा दिली, हिंदुस्थानात ती सोय काही वर्षांनी आली. म्हणून चित्राभोवती दाटीने लिहिलेले कार्ड आणि मागे मधोमध रेघ असलेले कार्ड यांतला काळ न वाचताही ओळखता येतो. शिक्का, तिकीट आणि पत्ता मिळून ते कोठून कोठे गेले हेही कळते. अल्बमात डिंकाने चिकटवले, की यातले अर्धे गेलेच.

हे कागद जपावेत, यावर पहिला आक्षेप असा, की हा पोटासाठी केलेला बाजारू माल. त्याला कलेचा मान कशाला? पण चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक काढला तेव्हा मराठी वाचकाची नजर याच छापील चित्रांवर तयार झालेली होती. ती नजर घडली कशी, हे समजायचे तर बाजारात फिरलेला कागदच तपासावा लागेल. एकेक कागद थोर कलाकृती ठरण्याची गरज नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता सगळे स्कॅन होते, मग जुने कागद साठवायचे कशाला? स्कॅनमुळे हे कागद पुष्कळ लोकांपर्यंत पोचले, हे खरेच. दिल्लीतल्या प्रिया पॉल यांचा असा संग्रह हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मदतीने डिजिटल झाला, त्याचा अभ्यासकांना मोठा उपयोग झाला. तरी स्कॅन करणाऱ्याने जी बाजू उलटून पाहिली नाही, ती त्यात नसते. कागदाची जाडी नसते, देवीच्या चित्रावर कोणी शिवलेल्या टिकल्यांचा उठाव नसतो. उद्या कोणाला वेगळाच प्रश्न पडला, तर उत्तर शोधायला मूळ कागदच लागेल. राहिला संग्राहक माल दडपून भाव वाढवतात हा आरोप. तो काहींना लागू आहे. पण सार्वजनिक संस्थांनी हे कागद वेळेवर घेतले असते, तर त्यांचा एवढा बाजार झाला नसता.

म्हणून घरात जुनी तसबीर, कार्ड किंवा कॅलेंडर निघाले, तर ते कापू नका, चिकटवू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा: कोणाच्या घरचे, कोठून आले. आणि देणगी स्वीकारणारी संस्था सापडली, तर सुटे चित्र देऊ नका. पाकीट, पट्टी, पाठ यांसकट सगळे द्या.