डाळिंबाच्या दाण्यामागचा खर्च

दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी वाटीभर डाळिंबाचे दाणे ठेवायचे, तर सोलण्याचे काम घरातल्या चिकाटीच्या माणसाकडेच सोपवावे लागते. खाणाऱ्याला मात्र काहीच त्रास नाही! बी दाताखाली आले तरी ते जाणवत नाही. पूर्वीच्या आळंदी डाळिंबाचे तसे नव्हते. त्याचे बी चांगलेच टणक.

त्या आळंदीच्याच झाडांतून पुण्याच्या गणेशखिंड येथील सरकारी फळबागेत डॉ. चीमा यांनी १९३६ साली मऊ बियांचे एक झाड निवडून काढले. त्या जातीचे ‘गणेश’ असे बारसे झाले १९७० साली! पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गणेशाचा ‘गुल-ए-शाह रेड’शी संकर केला आणि त्याच्या संततीतून ‘भगवा’ निवडला. जाड, तकतकीत, लांबचा प्रवास सोसणाऱ्या सालीचे हे फळ बागाईतदारांच्या हाती पडले ते या शतकाच्या आरंभी. गणेशखिंडीपासून इथवर पाच तपे उलटून गेली होती.

एवढा काळ कोणता व्यापारी आपले भांडवल अडकवून बसेल? बरे, बसला तरी त्याच्या पदरात काय पडणार? डाळिंबाची फांदी घ्यावी, बोटभर साल गोल काढावी, ओले शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधावे. मुळे फुटली की गुटी तयार. ती शेजाऱ्याला दिली, त्याने त्याच्या मेहुण्याला दिली. संकरित कपाशीचे बी दर साली विकत घ्यावे लागते, म्हणून तिथे कंपन्यांची गर्दी. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दुकान मांडले म्हणजे गल्ला पाहावाच लागतो. पण मग गुटीवर वाढणाऱ्या पिकाचा वाली सरकारी तिजोरीवाचून दुसरा कोण?

आणि ती तिजोरी! शेतीतून देशाला मिळणाऱ्या शंभर रुपयांमागे संशोधनावर आपण एक रुपयाही खर्च करीत नाही.

इकडे भगव्याच्या बागांत ‘तेल्या’ शिरला आहे. हा जिवाणूंचा रोग. फळावर तेलकट डाग पडतात, मग ते तडकते. सांगोल्याकडे कित्येकांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागा उपटून टाकल्या. २००५ साली सोलापुरात डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, तिथे काम चालू आहे. पण संकराच्या रोपाला फळ धरायलाच काही वर्षे जातात. मग ते चाखायचे, रोगाशी झुंजवून पाहायचे, नापसंत ठरले तर पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी नोंदवही सांभाळणारा शास्त्रज्ञ निवृत्त झाला आणि त्याची जागा काटकसरीपायी रिकामी राहिली, तर झाडावरच्या क्रमांकांच्या पट्ट्या वाचणार कोण? तेल्या काही मंजुरीची वाट पाहत बसत नाही. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो पुढच्या झाडावर गेलेला असतो.