उटण्याची वाटी आणि त्वचेचे शास्त्र

नरकचतुर्दशीची पहाट उजाडण्यापूर्वीच हिंडलग्यातील घराघरांत चुली पेटतात, तांब्याच्या बंबातून धूर निघू लागतो आणि आई किंवा आजी हातात तेलाची व उटण्याची वाटी घेऊन पाटाशी येऊन बसते. शिवारात भातकापणीची घाई असते, हवेत थंडीची पहिली चाहूल असते. त्या सुगंधी उटण्याने अंग चोळून घेताना आपल्यापैकी कितीजणांनी असा विचार केला असेल की, या वाटीत नेमके आहे काय आणि ते कार्य कसे करते?

प्रथम आपल्या त्वचेची रचना पाहू. तिच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी कौलांप्रमाणे एकमेकींवर रचलेल्या असतात व त्यांच्यामधील फटी स्निग्ध द्रव्यांनी बुजविलेल्या असतात. या बंदोबस्तामुळे शरीरातील ओलावा बाहेर जात नाही आणि रोगजंतू आत शिरत नाहीत. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. साबण मात्र अल्कधर्मी असतो. म्हणूनच फार साबण लावल्यास हा स्निग्ध लेप धुऊन जातो व अंग खरखरीत होते.

आता डाळीच्या पिठाचे कार्य ध्यानात येईल. त्याचे बारीक कण त्वचेवरील जादा तेल व मळ शोषून घेतात, आणि हलक्या हाताने चोळल्यास सुटलेल्या मृत पेशीही निघून जातात. सायीतील स्निग्धांश त्वचेवर पातळ पडदा धरून ओलावा टिकवितो. दह्यात दुग्धाम्ल असते. ते मृत पेशींची पकड सैल करते. दोन चमचे डाळीचे पीठ, चिमूटभर हळद व कालविण्यापुरती साय एवढे साहित्य एका वेळेस पुरते. कालविलेले उटणे उरले तर ठेवू नये. ओलसर पिठात जंतू फार लवकर वाढतात.

हळदीची गोष्ट तर मोठी मनोरंजक आहे. पांढऱ्या सदऱ्यावरील हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हळदीतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याचा अल्काशी संयोग होताच त्याचा रंग पालटतो. चुन्याच्या साहाय्याने हळदीचे कुंकू करतात तेही याच गुणामुळे. याच हळदीवरून एक झगडाही झाला. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व अमेरिकेत १९९५ साली देण्यात आले. जे आमच्या आजीला ठाऊक होते त्यावर दुसऱ्याची मालकी! गोमंतकातील माशेल गावी जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्या वेळी आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल मांडले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. परंतु या विजयाचा अर्थ नीट समजून घ्यावा. हे ज्ञान जुने आहे, एवढेच त्यातून सिद्ध झाले. हळद प्रत्येक व्याधीवर गुणकारी आहे, असे मुळीच नाही.

पौष-माघात येथील कोरड्या वाऱ्याने टाचांना भेगा पडतात. वेंगुर्ल्याचा रस्ता हिंडलग्यावरूनच जात असल्याने कोकण आपल्याला दूर नाही, आणि कोकणातून येणारे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल अशा वेळी उपयोगी पडते. ते थंडीत गोळ्यासारखे घट्ट राहते व थोडे तापविताच वितळते. रात्री पाय धुऊन, पुसून ते कोमट असताना भेगांत भरावे. ते त्वचेला मऊ ठेवते व ओलावा उडू देत नाही.

मात्र स्वयंपाकघरातील प्रत्येक वस्तू निरुपद्रवी असते, हा समज घातक आहे. लिंबाचा रस बराच आम्लधर्मी असतो. शिवाय त्यातील काही द्रव्यांवर सूर्यप्रकाश पडला की कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे राहतात. तोंडाला लिंबू चोळून उन्हात जाणे म्हणजे विकतचे दुखणे होय. खाण्याचा सोडाही तोंडाला लावू नये. भाजलेल्या जागी हळद, तूप वा पीठ न लावता ती जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी व डॉक्टरांकडे जावे. कोणताही नवा लेप प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावावा आणि एक दिवस वाट पाहावी. खाज वा लाली आली नाही तरच पुढे वापरावा.

शेवटी एक गोष्ट विशेषतः आमच्या भगिनींसाठी. कोणत्याही उटण्याने माणूस गोरा होत नाही. त्वचेचा सावळा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि ते द्रव्य प्रखर उन्हापासून आपले रक्षण करते. शिवारात दिवसभर राबणाऱ्या माउलीच्या अंगावरील ती निसर्गाने दिलेली ढाल आहे. तिची लाज कसली बाळगायची? गोरेपणाच्या हव्यासापायी बाजारातील अनोळखी मलमे लावणाऱ्यांनी हेही जाणावे की, अशा काही मलमांत पारा आढळला आहे आणि पारा मूत्रपिंडांचा नाश करतो.

उटणे अंग स्वच्छ करते, मऊ करते, सुगंधित करते. त्याहून अधिक त्याच्याकडून मागू नये. येत्या दिवाळीत आजीच्या हातून उटणे लावून घेताना तिला त्यातील एकेक जिन्नस विचारा आणि तो काय करतो हे तिला सांगा. तिचा अनुभव व तुमचे शास्त्र यांची तशी गाठ पडली, तर त्या वाटीची गोडी दुप्पट वाढेल.