जोहान्सबर्गचा कोरडा हिवाळा

मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी जायचे ठरले, की कपड्यांचा विचार आपण सर्वांत शेवटी करतो. त्यात गाव आफ्रिकेतले असले तर ‘तिकडे काय, उन्हाळाच असणार’ असे म्हणून सगळ्या सुती साड्या बॅगेत जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग शहरात जून ते ऑगस्ट या महिन्यांत जाणारीची इथेच फसगत होते. म्हणून आज तिथल्या हिवाळ्याविषयी बोलू या.

हे शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट असतात. आपल्याकडे पावसाची झड लागलेली असते, तेव्हा तिथे ऐन थंडी असते. शिवाय शहर पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे. म्हणजे आपल्या सर्वांत उंच शिखराच्याही वर वसलेले हे शहर आहे.

तिथे पाऊस पडतो तो उन्हाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. हिवाळ्यात पठारावरची हवा वरून खाली उतरत असते. खाली येताना ती दाबली जाते, थोडी तापते आणि ढग जमत नाहीत. त्यामुळे आठवडेच्या आठवडे आकाश निळेभोर राहते, गवत वाळून पिवळे पडते आणि कोरफडीच्या जातीच्या झाडांना केशरी-लाल फुलांचे तुरे येतात.

ढग म्हणजे जमिनीवर पांघरलेली गोधडीच. ती नसली की दिवसभराची ऊब रात्री निघून जाते. जुलैमध्ये दुपारी १७-१८ अंश तापमान असते, पण पहाटे ते ४ अंशांपर्यंत उतरते, कधी शून्याखालीही जाते. बर्फ मात्र क्वचितच पडतो; ऑगस्ट २०१२ नंतर तो पडला थेट जुलै २०२३ मध्ये. पुष्कळ घरांत खोल्या उबदार ठेवण्याची सोय नसते, म्हणून अंगणात ऊन आणि घरात गारठा असा प्रकार होतो. एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे कपडे न्या. आतून गरम बनियन, वर स्वेटर, शाल, पायांत मोजे. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा फिरणे दहा ते चारच्या दरम्यान ठेवा. ऊन सौम्य वाटले तरी उंचीमुळे त्वचा भाजते. टोपी किंवा डोक्यावर पदर हवाच.

हवेत ओल नसल्याने ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, कुणाच्या नाकातून रक्तही येते. थंडीत तहान लागत नाही, म्हणून आठवणीने पाणी प्या. खोबरेल बाटलीत गोठलेले असेल; बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा. स्वयंपाकातही फरक जाणवतो. या उंचीवर पाणी सुमारे ९४ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर वापरा.

आता सर्वांत महत्त्वाचे. तिथल्या गरीब वस्त्यांत पत्र्याच्या डब्याला भोके पाडून कोळशाची शेगडी करतात. तिला म्बाउला म्हणतात. रात्री ऊब मिळावी म्हणून ती घरात घेतली आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या, की कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खोलीत साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणसे दगावतात. बंद खोलीत बाळंतिणीजवळ शेगडी ठेवणाऱ्या आपल्या घरांनाही हाच धोका आहे. कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत कधीच नको. गॅसचा हीटर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा आणि निजण्यापूर्वी तो बंद करा. घरातल्या दोघा-तिघांचे एकदमच डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळले, तर आधी सगळ्यांना उघड्यावर न्या आणि मग डॉक्टरांना बोलवा. थंड हवा खाली अडकल्याने धूरही सकाळी जमिनीलगत रेंगाळतो. दम्याचा त्रास असणारीने पहाटेचे फिरणे टाळावे.

या शहरात पाहावे असे एक ठिकाण म्हणजे कॉन्स्टिट्यूशन हिल. इथल्या जुन्या तुरुंगात १९०८ मध्ये गांधीजी कैदेत होते. शेजारच्या महिला तुरुंगात विनी मंडेला आणि अल्बर्टिना सिसुलू यांना ठेवले होते. आज तिथे संग्रहालय आहे आणि त्याच टेकडीवर देशाचे संविधान न्यायालय उभे आहे.

या देशाचे दोन मोठे दिवसही हिवाळ्यातच येतात. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गच्या सोवेटो भागातली शाळकरी मुले भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. त्याआधी ९ ऑगस्ट १९५६ रोजी जवळच्या प्रिटोरिया शहरात सुमारे २०,००० स्त्रिया सरकारच्या दारात जमल्या होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांवर लादलेला परवाना त्यांना मान्य नव्हता. कितीतरी जणींच्या पाठीवर तान्ही मुले बांधलेली होती. हे दोन्ही दिवस आता तिथे सुटीचे आहेत, आणि ९ ऑगस्ट हा महिला दिन.

तेव्हा मैत्रिणींनो, जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा, पाण्याची बाटली जवळ बाळगा आणि रात्री निजताना खिडकीची एक फट उघडी आहे ना, ते बघा.