चित्त अन्यत्र असतां

लातूरच्या गंजगोलाईस १६ रस्ते येऊन मिळतात. तुरीचे भाव मनांत घोळवीत तेथें फिरलेल्या गृहस्थाला आपली छत्री कोणत्या दुकानांत राहिली हें आठवेनासें झालें, कीं घरची मंडळी त्याला विसराळू ठरवितात. हा आरोप सर्वस्वीं न्याय्य नव्हे. छत्री ठेवतेवेळीं हात तेथें होता, मन नव्हतें. मनांत जी नोंदच झाली नाहीं ती विसरणार कशी? मन दुसरीकडे असल्यास डोळे व कान असूनही मनुष्य पाहत वा ऐकत नाहीं, असें बृहदारण्यकोपनिषदांतही सांगितलें आहे.

कालिदासाच्या शकुंतलेचें उदाहरण याहून बोलकें आहे. दुर्वास आश्रमाच्या दाराशीं आले; तिचें चित्त दुष्यंतापाशीं असल्यानें त्यांचा शब्द तिच्या कानांवर पडूनही तिला ऐकूं आला नाहीं. शाप मिळाला तो मात्र निराळ्याच जातीचा. तिचें झालें तें अनवधान. राजाला जडलें तें खरें विस्मरण. व्यवहारांत या दोहोंची गल्लत नेहमींच होते. (दुर्वासांनीं थोडी चौकशी केली असती तर पुढचे तीन अंक वांचले असते!)

सवयीचीं कामें हात आपोआप करितात, म्हणून मन मोकळें भटकतें. भोजनासाठीं पोशाख बदलण्यास शयनगृहांत गेलेलीं माणसें एकेक वस्त्र उतरवीत अखेर अंथरुणांत शिरल्याचें विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानें १८९० सालीं नमूद केलें आहे.

ठरविलेलें काम ऐन वेळीं न आठवणें, हा दुसरा प्रकार. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठीं लातूर येथें येऊन राहिलेला विद्यार्थी शरीरशास्त्राचीं पानेंच्या पानें बिनचूक सांगतो, आणि परीक्षेचें प्रवेशपत्र खोलीवर ठेवून केंद्राच्या दारांत उभा राहतो. वर्षाची मेहनत त्या एका कागदावर अडते. त्याच्या स्मरणशक्तीला बोल लावणें व्यर्थ होय. त्या सकाळीं ती रसायनाच्या समीकरणांत गुंतलेली होती.

पदराला गांठ मारण्याचा जुना उपाय अर्धाच आहे. कांहीं तरी आठवावयाचें आहे, एवढेंच गांठ सांगते. काय तें सांगत नाहीं. काम कोठें व केव्हां करावयाचें तें आधींच निश्चित केल्यास तें हातून घडण्याचा संभव वाढतो, असें पेटर गॉलविट्झर यांनीं १९९९ मध्यें दाखविलें. त्या विद्यार्थ्याचें प्रवेशपत्र रात्रींच चपलेवर ठेवावें. चपलेविना तो बाहेर पडणार नाहीं.