शिरपूरचा मका आणि कृषी कायद्यांच्या अर्ध्या बातम्या

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या तीन कृषी कायद्यांबद्दलचे बरेच गैरसमज बातम्यांमधूनच पसरले. पक्षपाती बातमी म्हणजे खोटी बातमी, हा पहिला गैरसमज खुद्द बातम्यांविषयीचा. प्रत्यक्षात बातमीतला तपशील बहुधा खराच असतो. पक्षपात होतो तो गाळलेल्या तपशिलातून.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचे प्रकरण याचा नमुना आहे. त्याने आपला मका मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्यांना सुमारे ३ लाख ३२ हजार रुपयांना विकला. हाती २५ हजार आले. बाकी रक्कम पंधरा दिवसांत मिळायची होती, ती चार महिने मिळाली नाही. नव्या कायद्यात तीन दिवसांत पैसे चुकते करण्याचे बंधन होते आणि दाद प्रांताधिकाऱ्याकडे मागता येत होती. शेतकऱ्याने तक्रार केली आणि पैसे वसूल झाले. २९ नोव्हेंबर २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हे उदाहरण दिले आणि कायद्याच्या बाजूच्या माध्यमांनी ते उचलून धरले. मात्र मका विकला गेला होता क्विंटलला सुमारे १,२४० रुपयांनी, आणि सरकारने जाहीर केलेला हमीभाव होता १,८५० रुपये. विरोधी बाजूने हा फरक ठळक केला, पण अडकलेले पैसे कायद्यामुळे सुटले, हे झाकले. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या होत्या.

या कायद्यांनी हमीभाव रद्द केला, हेही चूक. त्यांत हमीभावाचा उल्लेखच नव्हता आणि त्याआधीही हमीभावाची हमी देणारा केंद्रीय कायदा नव्हता. खरी भीती वेगळी होती: बाजार समितीच्या आवाराबाहेरच्या व्यवहाराला बाजार शुल्क माफ झाल्यावर या समित्या टिकणार कशा? गहू-तांदळाची सरकारी खरेदी मंडीतून होणाऱ्या पंजाबात ती रास्त होती. पण दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकरी आंदोलनाची तीच बातमी जळगावला जशीच्या तशी लागू पडत नव्हती, कारण इथल्या केळीला हमीभाव नाहीच आणि तिचा सौदा बांधावरच होतो.

समितीबाहेर माल विकण्याची मुभा पहिल्यांदाच मिळाली, हा सरकारी बाजूचा प्रचारही महाराष्ट्रापुरता टिकत नाही. राज्याने २०१६ मध्येच फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त केला. म्हणजे जळगावच्या मेहरूणची प्रसिद्ध बोरे समितीच्या आवाराबाहेर विकायला दिल्लीच्या कायद्याची गरज नव्हती. ही साधी गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही, आणि स्थानिक वाचकाला तीच सर्वात उपयोगी होती.

करार शेतीत जमीन कंपनीच्या घशात जाईल, असेही सांगितले गेले. कायद्यात जमिनीची विक्री, गहाण आणि जमिनीतून वसुली यांना स्पष्ट मनाई होती. त्याच वेळी दिवाणी न्यायालयाचे दार बंद केलेले होते, आणि हा आक्षेप भक्कम होता. जमिनीच्या भीतीइतकी ठळक जागा त्याला मिळाली नाही.

दोन्ही बाजूंची वक्तव्ये शेजारी छापली की बातमी समतोल होते, ही समजूतही फसवी आहे; आकड्यामागचा संदर्भही द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ ला कायद्यांना स्थगिती देऊन समिती नेमली. तिचा अहवाल वर्षभर गुलदस्त्यात राहिला. मार्च २०२२ मध्ये सदस्य अनिल घनवट यांनी तो खुला केला. समितीशी बोललेल्या ७३ संघटनांपैकी ६१ संघटना कायद्यांच्या बाजूने होत्या, असे त्यात आहे. पण सीमेवर बसलेल्या संघटनांनी समितीवर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे हा आकडा त्या बहिष्काराचा संदर्भ सोडून वाचता येत नाही.

तिन्ही कायदे २९ नोव्हेंबर २०२१ ला संसदेने मागे घेतले. आवाराबाहेरची शुल्कमाफी गेली, आणि शिरपूरच्या शेतकऱ्याने ज्याच्या आधारे पैसे मिळवले, ते तीन दिवसांत चुकते करण्याचे कलमही गेले.