खचती भूमी आणि कन्हानचे पाणी : काही गैरसमज

नागपूर शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः पेंच जलाशय आणि कन्हान नदी यांतून येते; आणि त्याच कन्हान-कोलारच्या खोऱ्यात सिल्लेवाडा, पिपळा, वलनी यांसारख्या भूमिगत कोळसा खाणी खोदल्या गेल्या आहेत, हे नागपूरकरांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी असते. १८ नोव्हेंबर १९७५ रोजी सिल्लेवाडा खाणीत पाणी घुसून १० कामगार मृत्युमुखी पडले. खाण आणि पाणी यांचे वैर केवढे निकटचे आहे, याचा हा आपल्याच जिल्ह्याच्या दफ्तरातला दाखला होय. तरीही या विषयासंबंधी कित्येक भ्रामक कल्पना रूढ आहेत.

गैरसमज : खाण खोल असली म्हणजे वरच्या नदीनाल्यांना झळ पोचत नाही.

वस्तुस्थिती : या खाणींत प्रथम आडव्याउभ्या गल्ल्या काढून मध्ये कोळशाचे चौकोनी खांब राखतात आणि पुढे माघारी येताना तेच खांब काढून घेतात, यास खाणीत ‘डिपिलरिंग’ म्हणतात. आधार गेला की छत कोसळते, त्या जागेचा ‘गोफ’ होतो, आणि थरामागून थर वाकत वाकत तो खळगा अखेर पृष्ठभागावर उथळ बशीच्या रूपाने प्रकट होतो. खोलीमुळे खचण्याची तीव्रता कमी होते, क्षेत्र मात्र वाढते. कोळशाच्या वर पसरलेला, पाणी धरून ठेवणारा कामठी वालुकाश्म अशा वेळी तडकला, तर नाल्याचे पाणी वाहता वाहता गडप होते आणि विहिरीही आटतात.

गैरसमज : नदी खाणीच्या ऐन माथ्यावर असेल तरच धोका.

वस्तुस्थिती : खचण्याची सीमा गोफाच्या कडेपाशी थांबत नाही, ती तिरकस वर चढत बाहेर सरकते. ब्रिटनमधील खाणींत हा कोन लंबरेषेपासून सुमारे ३५ अंशांचा मानला जाई. त्या हिशेबाने २०० मीटर खोल गोफाचा परिणाम कडेपलीकडे १४० मीटरपर्यंत जाणवेल. आपल्याकडील कठीण वालुकाश्मांत तो कोन सामान्यतः लहान असतो. भूमी सर्वाधिक ताणली जाते ती बशीच्या मध्यभागी नव्हे, कडेला. भेगाही तेथेच पडतात.

गैरसमज : नदीखाली खाणकाम करण्यास कायद्याने सर्वस्वी मनाई आहे.

वस्तुस्थिती : १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी नदी, कालवा वा तलाव यांच्या खाली, तसेच काठापासून १५ मीटरच्या आत, मुख्य निरीक्षकांच्या लेखी परवानगीवाचून काम करण्यास बंदी घातली, अटींवर मुभा मात्र ठेवली. खाणीचे मुख महत्तम पूररेषेपेक्षा किमान १.५ मीटर उंच असावे, हाही त्यांतलाच दंडक. परवानगी मिळते ती खांब न काढण्याच्या किंवा काढलेल्या जागी वाळू भरण्याच्या अटीवर. पण वाळू भरली म्हणजे भूमी तसूभरही खचणार नाही, असे नव्हे. वाळूही भाराखाली दबते. शिवाय ती बहुधा नदीच्याच पात्रातून आणावी लागते, तेव्हा त्या उपशाचाही हिशेब मांडावा लागतो.

गैरसमज : खाण बंद पडली की भय संपले.

वस्तुस्थिती : उपसा थांबला की जुन्या गल्ल्या पाण्याने भरतात, खांब झिजतात, आणि उथळ कामांवर कित्येक वर्षांनी अकस्मात भगदाड पडते. सिल्लेवाड्यानंतर सव्वा महिन्याने, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळच्या चासनाला खाणीत असेच साचलेले पाणी फुटून सुमारे ३७५ माणसे बुडाली. जलमय जुन्या कामांच्या ६० मीटरच्या आत जाण्यास विनापरवानगी बंदी आहे ती याचसाठी. परंतु जुन्या कामाचा अचूक नकाशा नसेल, तर ते ६० मीटर मोजावे कोठून?

सारांश, जलस्रोताचे रक्षण होते ते कोळसा काढण्यापूर्वी, नकाशाच्या मेजावर. भूमी एकदा तडकल्यावर पावसाळ्यापूर्वी भेगा चिकणमातीने बुजवणे, नाल्याचा तळ पक्का करणे, एवढेच हाती उरते. नदीकाठी राखून ठेवलेल्या खांबांतील कोळसा वाया गेला, असे म्हणणे म्हणूनच अदूरदर्शीपणाचे आहे. खाणपट्ट्यातील ग्रामस्थांनी जनसुनावणीस जावे, आणि नकाशावर पूररेषा कोठे आहे, गोफाची कड नदीपासून किती दूर आहे व भेगा बुजवण्याची जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागून घ्यावीत.